पोलंड सावरला, युक्रेन रखडला: असं का झालं?

अर्धविराम (धागाकर्ता)

साम्यवादी राजवटी कोसळल्यावर पूर्व युरोपाचं काय झालं, हा विषय आपल्याकडे दोन वाक्यांत निकाली निघतो. एक जण म्हणतो, शॉक थेरपीने (म्हणजे किमती, व्यापार सगळं एकदम मोकळं सोडण्याने) रशियाची वाट लावली. दुसरा म्हणतो, शॉक थेरपीनेच पोलंड तरला. मग दोघंही आपापल्या झेंड्याखाली जातात आणि धागा भलतीकडे भरकटतो. मला त्याच्या अलीकडचं काहीतरी विचारायचं आहे, म्हणून शेजारशेजारचे दोन देश घेतो.

१९९० च्या सुमारास पोलंड आणि युक्रेन यांच्या दरडोई उत्पन्नात फार फरक नव्हता. उलट पत्ते युक्रेनच्या हातात चांगले होते. काळी कसदार माती, दोनबासचा कोळसा, क्रिवी रीहचं लोहखनिज, रॉकेट बनवणारे कारखाने, शिकलेली माणसं. पोलंडकडे काय, तर परदेशी कर्ज, संप आणि रिकामी दुकानं. २०२१ साली, म्हणजे रशियाचं सर्वंकष आक्रमण व्हायच्या आधीच, पोलंडचं दरडोई उत्पन्न डॉलरमध्ये मोजलं तर युक्रेनच्या तिपटीहून जास्त झालं होतं.

पोलंडचा घटनाक्रम बहुतेकांना माहीत असेल. फेब्रुवारी ते एप्रिल १९८९ सरकार आणि सॉलिडॅरिटी ही विरोधी कामगार संघटना यांच्यात गोलमेज परिषद झाली. ४ जूनच्या निवडणुकीत सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीने जिंकल्या. कनिष्ठ सभागृहात त्यांना लढवायला मिळालेल्या सगळ्या १६१ जागाही दुसऱ्या फेरीअखेर त्यांच्याकडेच आल्या. माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले, लेशेक बाल्त्सेरोविच अर्थमंत्री. १ जानेवारी १९९० पासून बहुतेक किमती मोकळ्या सोडल्या, अनुदानं छाटली, झ्लॉटीचा भाव डॉलरला ९,५०० असा बांधला आणि आयात-निर्यात खुली केली. त्या एका महिन्यात किमती जवळपास ८० टक्के वाढल्या. दोन वर्षं उत्पादन घसरलं, १९९३ मध्ये बेकारी १६ टक्क्यांवर गेली. पण १९९२ पासून अर्थव्यवस्था वर यायला लागली आणि १९९६ च्या सुमारास १९८९ ची पातळी ओलांडली. या भागात एवढ्या लवकर दुसऱ्या कोणाला ते जमलं नाही.

युक्रेनमध्ये १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांवर लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. त्यानंतर आर्थिक बाबतीत जवळपास काहीच ठरलं नाही. किमतींवरचं नियंत्रण अर्धं सैल, अर्धं घट्ट. मध्यवर्ती बँक नोटा छापून कारखान्यांना आणि सामुदायिक शेतांना कर्जं देत राहिली. १९९३ मध्ये महागाई १०,००० टक्क्यांच्या पलीकडे गेली. घसरण १९९९ पर्यंत चालली. तोपर्यंत अधिकृत आकड्यांनुसार अर्थव्यवस्था निम्म्याहून खाली आली होती.

यावरून ‘झटपट ते चांगलं, हळूहळू ते वाईट’ असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पुरेसं वाटत नाही. अर्धवट अवस्था कोणाच्या फायद्याची होती, हे बघायला हवं.

खनिज, धातू, खत यांचा देशातला भाव सरकारने दाबलेला आणि सीमेपलीकडे जागतिक भाव. मधे उभा असतो निर्यात परवाना. ज्याच्याकडे तो, त्याला कारखाना काढायची गरज नाही, इकडून घ्यायचं आणि तिकडे विकायचं. ज्याला महागाईच्या एक शतांश व्याजाने सरकारी कर्ज मिळतं, त्यालाही काही करायची गरज नाही, डॉलर घेऊन थांबलं की कर्ज आपोआप विरघळतं. रशियाचा गॅस स्वस्तात आणून देशात वाटणारे मध्यस्थ हा आणखी वेगळा प्रकार. १९९६-९७ मध्ये पंतप्रधान असलेले पाव्लो लाझारेंको पुढे अमेरिकेत मनी लाँडरिंगसाठी दोषी ठरले. त्यांचा काळ नेमका या गॅस-मध्यस्थांच्या भरभराटीचा.

या लोकांना जुनी व्यवस्था परत नको होती, कारण तिच्यात खाजगी मालमत्ता नव्हती. खरा बाजारही नको होता, कारण भाव एकदा समान झाले की धंदा बसला. त्यांना हवं होतं ते अधलंमधलं, आणि कायमचं. जोएल हेलमन या अभ्यासकाने १९९८ मध्ये हे नीट मांडलं. तोवर सगळ्यांना भीती होती ती सुधारणांमध्ये होरपळलेल्या कामगार-पेन्शनरांची, की ते मतपेटीतून सुधारणा उलटवतील. प्रत्यक्षात गाडी अडवली ती पहिल्याच टप्प्यात गबर झालेल्यांनी.

आणि पोलंडमध्ये? १९९१ ते २००७ या काळातल्या एकाही संसदीय निवडणुकीत तिथे सत्ताधारी टिकले नाहीत. दर वेळी पाडले. १९९३ मध्ये तर माजी कम्युनिस्टच निवडून आले. दोन वर्षांनी खुद्द सॉलिडॅरिटीचे नेते वाउएन्सा (आपण वालेसा म्हणतो ते) राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक माजी कम्युनिस्ट क्वास्निएव्स्कींकडून हरले. तरी दिशा बदलली नाही. माझा अंदाज असा की सतत पडणारी सरकारं हीच पोलंडची जमेची बाजू ठरली. कोणालाच सत्तेत इतका वेळ मिळाला नाही की सरकारी परवान्यांवर घराणी उभी राहतील.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण आपल्या ओळखीच्या नावाचं आहे. जून २००४ मध्ये युक्रेनचा सगळ्यात मोठा पोलाद कारखाना, क्रिवोरिझस्ताल, सुमारे ८० कोटी डॉलरना विकला गेला. घेणारे होते रिनात अख्मेतोव आणि व्हिक्तोर पिन्चुक. पिन्चुक म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कुचमा यांचे जावई. जास्त रकमेची परदेशी बोली होती, पण अटीच अशा लिहिल्या होत्या की बाहेरचा बसूच नये. त्या हिवाळ्यात ऑरेंज क्रांती (निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्धचं जनआंदोलन) झाली, व्यवहार रद्द झाला आणि ऑक्टोबर २००५ मध्ये टीव्हीवर थेट प्रक्षेपण करत पुन्हा लिलाव झाला. लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने तोच कारखाना ४८० कोटी डॉलरना घेतला. सहापट. हा फरक सव्वा वर्षात लोखंडाचा भाव वाढला म्हणून पडलेला नाही.

जाणकारांनी या मांडणीत भोकं पाडावीत, त्यासाठीच धागा काढलाय.

---

तिरकस

जागा धरून ठेवतो.

तोवर एक प्रश्न. चीन कुठे बसवायचा? तिथे तर सगळंच हळूहळू झालं.

---

अर्धविराम

@तिरकस, चीनला या धाग्यात घेऊ नये असं मला वाटतं. एक तर तिथला पक्ष गेलेलाच नाही. दुसरं म्हणजे १९७८ मध्ये चीनमधले सुमारे ७० टक्के कामकरी शेतीत होते. कम्यून मोडून जमीन कुटुंबांना कसायला दिली की उत्पादन वाढतं, कोणाची नोकरी जात नाही. युक्रेनमधल्या खारकीव किंवा पोलंडमधल्या वूच शहराला तो पर्याय नव्हता. तिथे लोक आधीच कारखान्यात होते आणि त्या कारखान्याच्या मालाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

---

आकडेमोड

लेख चांगला उतरलाय. सगळा जन्म आकड्यांच्या खात्यात घालवला, म्हणून एक खडा टाकतो.

‘अर्थव्यवस्था निम्म्याहून खाली आली’ हे वाक्य जपून वापरा. मुळात १९८९ चा आकडा फुगलेला. सोव्हिएत हिशेबात टनावारी उत्पादन मोजलं जाई. कोणी विकत घेतलं का, हा प्रश्नच नव्हता. गोदामात पडून गंजलेला ट्रॅक्टरसुद्धा राष्ट्रीय उत्पादनात. नियोजनाचं लक्ष्य गाठलं तर बोनस, म्हणून व्यवस्थापक आकडे वाढवून सांगत. १९९२ नंतर गंगा उलटी वाहू लागली. आता कर चुकवायचा म्हणून उत्पादन लपवायचं. म्हणजे आधीचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा आणि नंतरचा खऱ्यापेक्षा लहान. मधली दरी मग भयंकर दिसते.

यावर उपाय म्हणून काही अभ्यासकांनी विजेचा खप बघितला, कारण चोरून चालवलेल्या वर्कशॉपलाही वीज लागते. त्या मापाने युक्रेन-रशियातली घसरण अधिकृत आकड्यांपेक्षा बरीच कमी दिसते. त्यातही गोम आहे. थंडीत घरं तापवायची आणि गावातले दिवे लावायचे, तर कारखाना बंद पडला तरी वीज लागतेच. त्यामुळे वीज घसरण कमी दाखवण्याकडे झुकते. सत्य दोन्हींच्या मधे कुठेतरी.

दोन देशांची तुलना करताना मी उत्पन्नाबरोबर आयुर्मान, बालमृत्यू आणि लोकसंख्या ठेवतो. मेलेला माणूस आणि देश सोडून गेलेला माणूस यांत लपवाछपवी कमी होते.

---

व्रोत्सवाफकर

नोकरीनिमित्त इथे पोलंडमध्ये, व्रोत्सवाफला स्थायिक. पोलिश सासर, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर बाल्त्सेरोविच हे नाव अजून भांडण लावू शकतं. सासरे त्याला देशाचा तारणहार मानतात, त्यांचे धाकटे भाऊ शिवी दिल्याशिवाय नाव घेत नाहीत. दोघं एकाच घरातले. एक शहरात राहिला, एक पेगेएरमध्ये.

पेगेएर म्हणजे सरकारी शेतं. पोलंडमध्ये साम्यवादाच्या काळातसुद्धा बहुतांश जमीन शेतकऱ्यांच्या खाजगी मालकीची होती. सामुदायिकीकरण १९५६ नंतर सोडून दिलं. सरकारी शेतं मुख्यतः उत्तरेत आणि पश्चिमेत, १९४५ मध्ये जर्मनीकडून आलेल्या भागात. तिथे घर शेताचं, दुकान शेताचं, पाळणाघर आणि बससुद्धा शेताची. १९९१ च्या कायद्याने ही शेतं गुंडाळली आणि चार लाखांहून अधिक लोकांची नोकरी गेली. शहरातल्या कामगाराला निदान युनियन होती, वॉर्सामधला पत्रकार त्याच्याकडे जायचा. पेगेएरच्या माणसाकडे कोणी गेलं नाही. बस बंद झाली की दुसऱ्या गावी काम शोधायलाही जाता येत नाही. चुलतसासऱ्यांची मुलं आता नॉर्वेत आणि जर्मनीत.

लहान शेतकऱ्यांचं वेगळंच. त्यांनी कर्जं घेतली होती, १९९० मध्ये व्याज एकदम आभाळाला भिडलं. त्यांच्यातून आंद्झेय लेप्पर उभा राहिला. महामार्ग अडवणं, धान्य रस्त्यावर ओतणं, जप्तीला आलेल्या अधिकाऱ्याला पिटाळणं. सगळे हसायचे. २००१ मध्ये त्याच्या पक्षाला १० टक्के मतं पडली आणि २००६ मध्ये तो उपपंतप्रधान झाला.

आणि एक गोष्ट मूळ लेखात यायला हवी होती. पोलंडची गाडी १ जानेवारी १९९० ला शून्यातून सुटली नाही. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी कम्युनिस्टांच्याच सरकारातल्या व्हिल्चेक नावाच्या मंत्र्याने आणलेला कायदा लागू झाला होता: जे निषिद्ध नाही ते सगळं करायला मोकळीक. नोंदणी करा आणि धंदा सुरू. हा मंत्री स्वतः रसायनांच्या धंद्यात पैसे कमावलेला. त्यामुळे १९९० मध्ये किमती सुटल्या तेव्हा विकायला माणसं तयार होती. फुटपाथवर कॅम्पिंगच्या खाटा टाकून लोक टर्कीचे स्वेटर, जर्मन साबण, घरचं मांस, काहीही विकत. आजच्या काही मोठ्या कंपन्यांची सुरुवात त्या खाटांवरची आहे.

---

लाल_दिवा

व्रोत्सवाफकरांचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा जास्त आवडला, राग मानू नका.

अर्धविराम, तुमच्या मांडणीत माणसं ‘बेकारी १६ टक्के’ एवढ्यात येऊन जातात. रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ६५ च्या आसपास होतं. १९९४ मध्ये ते ५८ च्याही खाली आलं. युद्ध नाही, साथ नाही, दुष्काळ नाही. दारू, हृदयविकार, आत्महत्या, खून. शांततेच्या काळात औद्योगिक देशात असं घडल्याचं दुसरं उदाहरण मला दाखवा.

पूर्व जर्मनी घ्या. १ जुलै १९९० ला पगार एकास एक दराने पश्चिम जर्मन मार्कात बदलले. लोक खूश झाले आणि कारखाने एका रात्रीत परवडेनासे झाले. ट्रॉयहांड नावाच्या एका संस्थेकडे हजारो कारखाने आणि ४० लाख कामगार सोपवले, १९९४ अखेर तिने दुकान बंद केलं ते शेकडो अब्ज मार्कांच्या तोट्यात. तिथे ना रशियासारखी लूटमार होती, ना युक्रेनसारखी महागाई. मागे श्रीमंत पश्चिम जर्मनीची तिजोरी. तरीही आज उजव्या टोकाच्या पक्षाचा गड तोच भाग आहे.

आणि ज्यांनी यातलं काहीच केलं नाही ते? सोव्हिएत प्रजासत्ताकांत सगळ्यात कमी घसरण झाली ती उझबेकिस्तानात. बेलारूसनेही मोठे कारखाने सरकारकडेच ठेवले आणि युक्रेनपेक्षा लवकर सावरला.

---

अर्धविराम

@लाल_दिवा, आयुर्मानाचा मुद्दा बिनतोड. पण रशियाला मी सरसकट शॉकच्या खात्यात टाकणार नाही. २ जानेवारी १९९२ ला तिथल्या सुधारणांचा सूत्रधार गायदार याने किमती मोकळ्या केल्या, तेल वगळून. देशातला तेलाचा भाव जागतिक भावाच्या अगदी किरकोळ अंशावर ठेवला. म्हणजे ज्या वस्तूत सगळ्यात जास्त पैसा, नेमकी तीच अर्धवट. मग १९९५ ची कर्जाच्या बदल्यात शेअर योजना. नोरिल्स्क निकेलचे ३८ टक्के शेअर १७ कोटी डॉलरच्या कर्जापोटी एका बँकेकडे गेले. लिलाव चालवणारी बँक तीच आणि जिंकणारीही तीच. याला बाजार म्हणायचं असेल तर शब्दच संपले.

उझबेकिस्तानकडे कापूस होता, सोनं होतं आणि स्वतःपुरता गॅस होता. कापूस वेचायला शाळा बंद करून मुलं शेतात पाठवली जायची, त्यासाठी जगभरच्या कपडा कंपन्यांनी टाकलेला बहिष्कार २०२२ मध्ये उठला. बेलारूसला रशियाचं कच्चं तेल सवलतीत मिळायचं, ते शुद्ध करून युरोपला विकायचं. ते मॉडेल मिन्स्कचं नव्हतं, मॉस्कोच्या मेहेरबानीचं होतं. २०२० मध्ये लोक रस्त्यावर आल्यावर त्या मेहेरबानीची किंमत कळली.

पूर्व जर्मनीवर माझ्याकडे चटकन उत्तर नाही. वेगळा धागा काढा, मी येतो.

---

करवीरकाका

आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, हे इथल्या तरुण मंडळींना ठाऊक आहे काय? आमच्या वडिलांनी त्यांची शाळा, चर्च, दुकानं पाहिलेली. वॉर्सामध्ये कोल्हापूरचं स्मारकही आहे.

---

तिरकस

काका, पोलंड शब्द दिसला की वळिवडे येणारच, पैज लावली होती. पण अवांतर आहे हो.

---

व्रोत्सवाफकर

@तिरकस, तितकंसं अवांतर नाही. वळिवड्याला आलेले बहुतेक लोक पूर्व पोलंडमधले, १९४० मध्ये सोव्हिएतांनी सैबेरिया-कझाकस्तानला हाकललेले. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत युनियनमध्ये गेली होती. त्यातला बराच भाग आज युक्रेनमध्ये आणि बेलारूसमध्ये आहे. ल्विव शहर १९३९ पर्यंत पोलंडचं होतं. तिथले पोलिश लोक युद्धानंतर मोठ्या संख्येने आमच्या व्रोत्सवाफला आले, तिथल्या मोठ्या ग्रंथालयाचा एक भागही इकडे आला.

म्हणजे ‘पोलंड विरुद्ध युक्रेन’ अशी रेघ मारताना ल्विव आणि दोनेत्स्क एकाच रकान्यात टाकतोय आपण. दोनेत्स्कने सत्तर वर्षं सोव्हिएत राजवट पाहिली, ल्विवने त्याहून बरीच कमी. पोलंडमध्ये तर १९१८ पूर्वी रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया यांनी केलेल्या वाटणीच्या सीमा आजही निवडणुकीच्या नकाशावर उमटतात.

---

गोदाकाठ

औरंगाबादहून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, म्हणून झेक लोकांचं खाजगीकरण एकदा मुद्दाम वाचलं होतं. एकाच देशात दोन पद्धती एकाच वेळी वापरल्या गेल्या.

स्कोडा १९९१ मध्ये फोक्सवागनला दिली, आधी ३० टक्के, मग हळूहळू सगळी. एक मालक, त्याला गाड्या विकूनच पैसा मिळणार. दहा वर्षांत ऑक्टाव्हिया आमच्या गावात.

बाकी हजारभर कंपन्यांसाठी कुपन योजना. १९९२ मध्ये नागरिकाने सुमारे हजार क्राऊन भरून पुस्तिका घ्यायची, तिच्यातले पॉइंट वापरून शेअर घ्यायचे. कागदावर एकदम न्याय्य. सामान्य माणसाला कुठे कळतंय कोणता कारखाना चांगला? तेवढ्यात व्हिक्तोर कोझेनी नावाचा तिशीही न ओलांडलेला इसम ‘हार्वर्ड’ नावाचे फंड घेऊन आला. त्या विद्यापीठाशी फंडाचा काही संबंध नाही. पॉइंट आम्हाला द्या, वर्षात दहापट देतो. लोकांनी दिले. एकूण पॉइंटांपैकी सुमारे ७० टक्के अशा निरनिराळ्या फंडांकडे गेले. मोठ्या बँकाच कित्येक फंड चालवत होत्या आणि त्या बँका सरकारच्या हातात. मग आतून कंपनी पोखरायची: माल आपल्याच दुसऱ्या कंपनीला पडत्या भावात विकायचा आणि कर्ज मूळ कंपनीच्या नावावर ठेवायचं. १९९७ मध्ये चलन कोसळलं, वर्षअखेर पंतप्रधान क्लाउस यांचं सरकार गेलं. कोझेनी बहामात.

मुद्दा एवढाच की मालमत्ता सगळ्यांना सारखी वाटली तरी लहान भागधारकाला कोर्टात उभं राहता येत नसेल तर ती महिन्याभरात दुसऱ्याची होते.

---

डॉ_खारकीव

नावावरून कळलं असेल, एमबीबीएस तिथून. २०२२ च्या खूप आधी परत आलो. आपल्याकडची हजारो पोरं त्या देशात शिकली, पण देशाबद्दल बोलताना ‘फी कमी आणि थंडी फार’ याच्यापुढे कोणी जात नाही.

अर्धविराम, तुमचा मुख्य मुद्दा असा की पोलंडने सरकारं पाडली म्हणून वाचला. पण युक्रेननेही पाडली की! १९९४ मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष क्रावचुक निवडणूक हरले आणि मुकाट्याने गेले. सोव्हिएत युनियनमधून निघालेल्या देशांत हे किती ठिकाणी झालं? २००४ मध्ये रस्त्यावर, २०१० मध्ये मतपेटीतून, २०१४ मध्ये पुन्हा रस्त्यावर, २०१९ मध्ये तर ७३ टक्के मतांनी. रशियाने एकदाही सत्ताधारी पाडला नाही, बेलारूसने १९९४ नंतर नाही. माणूस बदलण्यात युक्रेन पोलंडच्या मागे नव्हता. मग?

---

अर्धविराम

हा प्रश्न येईल असं वाटलंच होतं. मला दिसतं ते असं.

पोलंडमध्ये पडायचे ते पक्ष. यादी पद्धतीची निवडणूक. १९९१ मध्ये संसदेत २९ गट घुसले, गोंधळ झाला, तेव्हा १९९३ पासून पाच टक्क्यांची अट लावली. त्यामुळे पक्षाचं नाव खराब झालं की सगळेच घरी. युक्रेनमध्ये १९९४ ला सगळ्या जागा एकेका मतदारसंघाच्या, आणि निवडून आलेल्यांत जवळपास निम्मे अपक्ष. पुढेही बराच काळ निम्म्या जागा तशाच. कारखान्याच्या मालकाने आपल्या गावातून उभं राहायचं, रस्ता-दवाखाना करून द्यायचा, निवडून यायचं आणि मग जो राष्ट्राध्यक्ष असेल त्याच्या बाजूला सरकायचं. शिवाय खासदाराला खटल्यापासून संरक्षण, ते काढलं २०१९ मध्ये. वरचा बदलला तरी खालचा थर तोच.

---

मृण्मयी_प

तुलनात्मक राज्यशास्त्रात पीएचडी करतेय, मध्य युरोप हेच क्षेत्र. वाचून राहवलं नाही.

निवडणूक पद्धत हा चांगला धागा आहे, पण तुम्ही सगळे घरातल्या घरात कारणं शोधताय. पोलंडने १९९४ मध्ये युरोपीय संघाकडे अर्ज केला आणि १९९८ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. ३१ प्रकरणं. कत्तलखान्यातल्या फरशीपासून स्पर्धा कायद्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाचा, माणूस तपासणीला. डावं सरकार आलं काय, उजवं आलं काय, गृहपाठ तोच. ‘सरकारं पडली तरी दिशा बदलली नाही’ याचं मोठं कारण हे आहे. युक्रेनला असं निमंत्रण कोणी दिलं नाही, उमेदवाराचा दर्जा मिळाला तो जून २०२२ मध्ये, शहरांवर बॉम्ब पडत असताना. त्याआधी पॅरिस क्लबने (कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाने) १९९१ मध्ये पोलंडचं सरकारी कर्ज निम्म्यावर आणायचं मान्य केलं होतं, तेही विसरू नका.

आता तुमच्या सिद्धांताला खरी अडचण. हंगेरी. १९६८ पासून तिथे बाजाराचे प्रयोग चालू होते, १९९० नंतर मध्य युरोपात आलेल्या परकीय गुंतवणुकीचा सुरुवातीला मोठा वाटा त्यांनी उचलला. फंडांची फसवणूक नाही, रशियन छापाचे ऑलिगार्क (सत्तेच्या जवळिकीने अब्जाधीश झालेले) नाहीत. सत्ताधारी नियमित पडत. मग २००८ च्या संकटात त्यांचं चलन फोरिंट घसरलं. लाखो कुटुंबांनी घरासाठी स्विस फ्रँकमध्ये कर्ज घेतलं होतं, त्यांचे हप्ते भडकले. २०१० मध्ये व्हिक्तोर ऑर्बान यांच्या पक्षाला ५३ टक्के मतं आणि दोन-तृतीयांश जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी विरोधकांशिवाय नवी राज्यघटना. मग न्यायालयं, माध्यमं, निवडणूक कायदा. सरकारी कंत्राटांवर नवे अब्जाधीश तयार झाले, त्यातला बराच पैसा युरोपीय संघाच्याच अनुदानाचा.

म्हणजे तुमचा ‘अधल्यामधल्या अवस्थेचा लाभार्थी’ संक्रमणाच्या सुरुवातीलाच यावा असं काही नाही. तो वीस वर्षांनी, संघाचं सदस्यत्व खिशात टाकून, वरून खाली तयार करता येतो.

---

आकडेमोड

मृण्मयीताई, +१. दारात उभ्या असलेल्या देशावर ब्रसेल्सचा धाक चालतो, आत आलेल्यावर नाही. हंगेरीची अनुदानं रोखायला डिसेंबर २०२२ उजाडला.

---

व्रोत्सवाफकर

पोलंडचंही तेच झालं असतं. २०१५ मध्ये ‘कायदा आणि न्याय’ पक्षाला १९८९ नंतर पहिल्यांदाच एकहाती बहुमत मिळालं, ३८ टक्क्यांहून कमी मतांवर. लगेच घटना न्यायालयावर हात टाकला. पण त्यांना मतं का मिळाली, हे माझ्या चुलतसासऱ्यांना विचारा. एप्रिल २०१६ पासून दुसऱ्या मुलापासून पुढे दर मुलामागे महिना ५०० झ्लॉटी खात्यात यायला लागले. ते म्हणाले, पंचवीस वर्षांत वॉर्साहून पहिल्यांदा काहीतरी आमच्यापर्यंत पोचलं. न्यायाधीश कोण नेमतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, आणि का असावं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये ७४ टक्के मतदान झालं. १९८९ च्या त्या ऐतिहासिक निवडणुकीलासुद्धा एवढं नव्हतं. इथे मतदान केंद्रावर मध्यरात्रीनंतरही रांग होती, लोक रांगेतल्यांना पिझ्झा आणून देत होते. सरकार गेलं. न्यायालयांची गाठ मात्र अजून नीट सुटलेली नाही.

---

डॉ_खारकीव

अर्धविराम यांच्या उत्तराने अर्धं समाधान झालं. उरलेलं असं: ‘खालचा थर तोच’ हे २०१४ पर्यंत. नंतर गॅसचे घरगुती दर आयात भावाच्या जवळ आणले, मध्यस्थाचा धंदा तिथेच वाळला. डिसेंबर २०१६ मध्ये देशातली सगळ्यात मोठी खाजगी बँक, प्रिव्हातबँक, सरकारने ताब्यात घेतली, तिच्या हिशेबात ५०० कोटी डॉलरहून मोठं भगदाड होतं. सरकारी खरेदी ऑनलाइन आणि जाहीर झाली. शेतजमीन विकायची बंदी वीस वर्षांनी, २०२१ मध्ये उठली. हे सगळं अर्ध्या दोनबासमध्ये लढाई चालू असताना. ‘युक्रेन रखडला’ हे शीर्षक १९९१ ते २०१४ पुरतं ठेवा.

---

अर्धविराम

मान्य. २०१४ नंतरचा युक्रेन माझ्या मांडणीच्या बाजूनेच जातो, कारण आधी भावातली तफावत संपवली आणि मग मध्यस्थ संपले.

पुढे एस्टोनियावर लिहायचा विचार आहे. जून १९९२ मध्ये स्वतःचं चलन, आठ क्रून म्हणजे एक जर्मन मार्क. बत्तीस वर्षांचा पंतप्रधान, १९९४ पासून सगळ्यांना २६ टक्के एकच आयकर. अर्धवट काहीच ठेवलं नाही, आणि लाभार्थ्यांना जम बसवायला वेळच मिळाला नाही.

---

लाल_दिवा

जरूर लिहा, पण एक आधीच विचारून ठेवतो. १९९२ च्या नागरिकत्वाच्या नियमानुसार १९४० पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांनाच आपोआप नागरिकत्व मिळालं. देशातले सुमारे एक-तृतीयांश लोक, मुख्यतः रशियन भाषिक, त्यात बसले नाहीत. ईशान्येकडच्या नार्वासारख्या गावात, जिथले सोव्हिएत कारखाने या सुधारणांमध्ये बसले, तिथल्या बहुतेकांना त्या सप्टेंबरच्या निवडणुकीत मतच नव्हतं.

तुमच्या बत्तीस वर्षांच्या पंतप्रधानाला पाडू शकणारे लोक मतदार यादीत होते कुठे?